हेड बदलताना पुश रॉड तपासून घ्या



हंगाम आटोपला, ऊस गेला, खोडवे राखले, की पुढचे तीन महिने आपल्याकडे एकच घोर असतो, आणि तो म्हणजे पाण्याचा. कालव्याचे आवर्तन आले तर आले, नाहीतर विहीर. विहिरीवर विजेची मोटार बसवलेली असली तरी वीज काही आपल्या सोयीने येत नाही. म्हणून बऱ्याच सभासदांनी जुने ऑइल इंजिन अजून मोडीत घातलेले नाही. ते खोपीत पोते टाकून झाकलेले असते आणि एप्रिल लागला की बाहेर निघते. अशाच एका इंजिनाची हकीकत आमच्यापुढे आली. तिच्यातून आम्हालाही शिकायला मिळाले, ते या अंकात देत आहोत.

पेडगाव शिवारातल्या एका सभासदाच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे किर्लोस्कर ए.व्ही. १ इंजिन आहे. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी १९४६ साली ऑइल इंजिनांची कंपनी काढली. तिची ही उभी, मिनिटाला १५०० फेऱ्यांची इंजिने मराठवाड्यात किती विहिरींवर चालली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नसावी. तर या इंजिनाला थंड करणारे पाणी पंपातूनच येत होते. विहीर उपसत आली, पंपाने हवा ओढली, पाणी तुटले आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत इंजिन तापून बसले. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर गेली.

मूळ बनावटीचे हेड त्या दिवशी बाजारात मिळाले नाही. दुसऱ्या बनावटीचे, व्हॉल्व्ह बसवून तयार असलेले हेड मिळाले. ते कोणाचे, हे सांगण्याचे कारण नाही. दोष एकट्या हेडाचा नव्हताच. मिस्तरींनी ते चढवले, जुनेच पुश रॉड घातले, टॅपेट बांधले आणि हँडल मारले. इंजिन पहिल्या दणक्यात लागले. "काका, लागलं की एका हँडलात. आता कायची काळजी?" असे म्हणून मिस्तरी गेले.

पाचव्या दिवशी सकाळी हँडल मारताना चाक भलतेच हलके फिरू लागले. दाब धरेना. कसेबसे लागले तर सायलेन्सरमधून फुसफुस आवाज, काळा धूर, आणि पाण्याची धार निम्मी. सभासदाने कारखान्याच्या वर्कशॉपला निरोप धाडला. आम्ही गेलो आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही आधी रिंगांवरच ठपका ठेवला. पिस्टन काढून पाहिला तर रिंगा ठणठणीत. मग हेड उलटे केले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्लेली होती. रॉकरकडे पाहिले तर टॅपेटचा स्क्रू पार वरपर्यंत आवळलेला; त्याला आणखी वर जायला जागाच उरली नव्हती.

उन्हाळ्यात उसाला आठ ते दहा दिवसांनी पाणी लागते. इथे इंजिन उघडणे, भाग आणणे, परत जोडणे यात बारा दिवस गेले, आणि त्याआधीचे चार दिवस अर्ध्या धारेचे. चढाकडच्या सऱ्यांतल्या खोडव्याने माना टाकल्या. वीतभर लोखंडी काडीपायी हे झाले.

पुश रॉडचे काम

आपल्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर, हेडात. खालची हालचाल वर पोचवणारी काठी म्हणजे पुश रॉड. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुश रॉडला उचलतो, पुश रॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो. रॉकर तराजूच्या दांडीसारखा मध्ये टेकलेला असल्याने त्याचे दुसरे टोक खाली येते आणि व्हॉल्व्ह उघडतो. बंद होण्याचे काम स्प्रिंगचे.

दर मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. आठ तास पाणी दिले तर ३ लाख ६० हजार वेळा. राजकोटकडे होणारी जुन्या लिस्टर धर्तीची ६५० फेऱ्यांची संथ इंजिने ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडेही हा आकडा दीड लाखावर जातो. इतक्या वेळा होणाऱ्या कामात केसाएवढी चूकही दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीचे टोक यांत थोडी फट ठेवावी लागते, कारण चालताना व्हॉल्व्ह तापून लांबतो. फट राहिलीच नाही तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडात आणि तिथून पाण्यात जाते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? कड लाल होते, तिच्यावरून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह कडेने खाल्ला जातो. पेडगावच्या इंजिनात हेच झाले. मिस्तरींनी गार असताना कागदाएवढी फट मिळवली होती. तापल्यावर तीही गेली.

लांबीचे गणित कुठे चुकते

पुश रॉडची लांबी ही एकट्या रॉडची बाब नाही. कॅमपासून रॉकरपर्यंत जे अंतर पडते त्यावर ती ठरते. रॉड तोच राहिला आणि अंतर बदलले, तर तोच रॉड 'लांब' किंवा 'आखूड' होतो.

लेथवर हेडाला फेस मारून आणला की हेड तेवढे खाली बसते. अर्धा मिलिमीटर काढला तर रॉड अर्धा मिलिमीटर लांब झाल्यासारखा होतो. सीट कापून व्हॉल्व्ह घासले की व्हॉल्व्ह हेडात खोल बसतो आणि त्याच्या दांडीचे टोक वर येते. रॉकरची ती बाजू वर गेली की पुश रॉडची बाजू खाली येते, म्हणजे पुन्हा रॉड लांबच. जुन्या हेडाला फेसही मारला आणि सीटही कापली, तर दोन्ही चुका एकाच दिशेने साठतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हेड पॅकिंग जाड पडले तर उलट होते. हेड वर जाते आणि रॉड आखूड पडतो. नवे हेड दुसऱ्या बनावटीचे असेल तर त्याची उंची, व्हॉल्व्हच्या दांडीची लांबी, रॉकरचे ब्रॅकेट बसण्याची जागा, यातले काहीही थोडे इकडेतिकडे असू शकते.

रॉकरच्या ब्रॅकेटाखाली पत्रा घालण्याची युक्ती काही जण करतात. तिचा हिशेब नीट समजून घ्यावा. ब्रॅकेट १ मिलिमीटर वर गेले, व्हॉल्व्हचे टोक मात्र जागेवरच राहिले, तर रॉकरचे पुश रॉडकडचे टोक १ नव्हे, २ मिलिमीटर वर जाते. (रॉकरचे दोन्ही हात सारखे धरून हा हिशेब आहे. तुमच्या इंजिनात ते थोडे कमीजास्त असतील.) अंदाजाने पत्रा घालणारा इथेच फसतो.

पेडगावचे फुटके हेड आणि नवे हेड आम्ही शेजारी ठेवून मोजले. पॅकिंगच्या फेसपासून ब्रॅकेटच्या बैठकीपर्यंत नवे हेड १.२ मिलिमीटरने बुटके निघाले. शिवाय ब्रॅकेटच्या बैठकीवर व्हॉल्व्हचे टोक जुन्यापेक्षा ०.८ मिलिमीटर जास्त वर आले होते. दोन्ही मिळून पुश रॉड २ मिलिमीटर लांब पडत होता. टॅपेटच्या स्क्रूला तेवढी वाट नव्हती.

आता २ मिलिमीटर आखूड पुश रॉड करून घ्यावेत, असे आमच्यातल्याच एकाने सुचवले, आणि लेथवाल्याकडे माप धाडण्याची तयारीही झाली. पण एक खूण आडवी आली, म्हणून बरे.

खूण कशाची, ते वाचा

व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला काजळ किंवा निळा रंग लावून चाक दोन पुरे फेरे हाताने फिरवायचे. रॉकर टोकावर जिथे घासतो तिथे रंग निघून पट्टा उमटतो. पट्टा अरुंद आणि मधोमध असावा. तो रुंद असेल किंवा कडेला सरकला असेल तर रॉकर व्हॉल्व्हला सरळ न दाबता बाजूला ढकलतो आहे असे समजावे. अशाने व्हॉल्व्हचे गाईड लवकर पोकळ होते. व्हॉल्व्ह निम्मा उघडला असताना रॉकरचा हात व्हॉल्व्हच्या दांडीशी काटकोनात आला पाहिजे. मग पट्टा आपोआप अरुंद पडतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाईलवर अमेरिकेतल्या मोटारींचे व्हिडिओ पाहून काही तरुण मिस्तरी सांगतात की, हा पट्टा मधोमध येईपर्यंत पुश रॉडची लांबी बदलत जायची. त्यांच्याकडे ते बरोबर आहे. शेव्हरोलेच्या १९५५ सालच्या व्ही-८ इंजिनापासून तिकडे पुष्कळ इंजिनांत प्रत्येक रॉकर आपापल्या खुंटावर बसतो आणि पुश रॉडच्या लांबीप्रमाणे तो खुंटावर वर-खाली होतो. आपल्या इंजिनांत रॉकर ब्रॅकेटातल्या शाफ्टवर बसतो. त्याची उंची पुश रॉडने बदलत नाही. तेव्हा आपल्याकडे पट्टा सांगतो ती गोष्ट ब्रॅकेटाची, आणि टॅपेटचा स्क्रू किती आत-बाहेर आहे ती गोष्ट पुश रॉडची. दोन खुणा दोन वेगळ्या रोगांच्या आहेत, त्या एकीत मिसळू नयेत.

पेडगावच्या हेडावर पट्टा रुंद आणि कडेला उमटला. म्हणजे आखूड रॉड घातला असता तर फट मिळाली असती, इंजिनही चालले असते, आणि वर्षभरात गाईड गेले असते. आम्ही ब्रॅकेटाखाली ०.८ मिलिमीटरचा पोलादी पत्रा कापून बसवला. त्याने व्हॉल्व्हचे टोक आणि ब्रॅकेट यांचे नाते पूर्वीसारखे झाले, पट्टा मधोमध आला, आणि पुश रॉडकडची बाजू १.६ मिलिमीटर वर गेली. दोनातले १.६ गेले, राहिले ०.४. तेवढे स्क्रूने सहज घेतले. जुनेच पुश रॉड चालले! ज्या इंजिनात ब्रॅकेटातून तेल वर येते तिथे पत्र्याला तेलाचे भोक पाडायला विसरू नये, नाहीतर रॉकर कोरडा पडेल. कागदाचे किंवा फायबरचे पॅकिंग इथे चालत नाही, ते दबते.

याउलट ज्या हेडाला नुसता फेस मारला आहे, सीट कापलेली नाही, तिथे ब्रॅकेट आणि व्हॉल्व्हचे टोक बरोबरीने खाली येतात. पट्टा जागेवरच राहतो आणि रॉड मात्र तेवढा लांब पडतो. तिथे पत्रा घालणे चूक. स्क्रूने भागत नसेल तर आखूड पुश रॉडच घ्यायचा.

माप कसे घ्यावे

जुना, वाया गेलेला एखादा पुश रॉड मध्ये कापून लेथवाल्याकडून त्यात आट्यांचा तुकडा आणि चेकनट बसवून घ्यावा, म्हणजे तो फिरवून लांब-आखूड होतो. याला आम्ही जोडरॉड म्हणतो. हा फक्त मापाचा आहे, त्यावर इंजिन चालवायचे नाही.

हेड चढवताना जे पॅकिंग शेवटी राहणार आहे तेच घालून, नट पुस्तकात दिल्याप्रमाणे क्रमाने आवळून मगच माप घ्यावे. पॅकिंग दबते. सैल हेडावर घेतलेले माप खोटे. इंजिन गार हवे. पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि डिकॉम्प्रेशनचा खटका सोडलेला आहे ना ते पाहावे. खटका लावलेला असेल तर तो व्हॉल्व्ह उचलून धरतो आणि फीलर गेज भलतेच दाखवते. आम्ही स्वतः एकदा यात अर्धा दिवस घालवला आहे.

टॅपेटचा स्क्रू त्याच्या आट्यांच्या मधोमध आणून चेकनट लावावा. मग जोडरॉड फिरवत फिरवत पुस्तकातली फट फीलर गेजने मिळवावी, चेकनट बांधावा, रॉड काढून व्हर्नियरने मोजावा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींचे माप वेगवेगळे घ्यावे. एकासारखा दुसरा असेल असे धरू नये. आलेली लांबी आणि हातातल्या रॉडची लांबी यांतला फरक स्क्रूच्या वाटेत बसत असेल तर जुना रॉड ठेवावा. स्क्रू फार खाली लोंबत असेल तर तो वाकतो, आटे ओढले जातात. निदान स्क्रूच्या जाडीइतके आटे रॉकरमध्ये धरलेले असावेत. वर टेकला असेल तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

रॉड लांब पडला म्हणून त्याचे टोक एमरीवर घासून आखूड करणे, किंवा व्हॉल्व्हच्या दांडीचे टोक घासणे, हा प्रकार पाहण्यात येतो. तो करू नये. दोन्हींच्या टोकाला कठीण पाणी दिलेले असते. ते घासून गेले की खालचे मऊ पोलाद रोज झिजते आणि फट रोज वाढते.

लांबी जुळली म्हणजे रॉड जुळला असे नाही. एका टोकाला गोळी आणि दुसऱ्याला वाटी असते. वाटीत गोळी नीट बसली पाहिजे. काजळ लावून फिरवून पाहावे. गोळी मोठी असेल तर नुसत्या काठावर रेघ उमटते, लहान असेल तर तळाशी ठिपका. दोन्ही नकोत. टोकाला पाणी दिलेले आहे की नाही हे कानस हळूच लावून कळते. कानस घसरली तर ठीक, चावली तर तो रॉड दुकानदाराला परत.

नवा रॉडसुद्धा खिडकीच्या काचेवर लोळवून पाहावा. वाकडा असेल तर खाली उजेड लपलपतो. वाकडा रॉड ठोकून सरळ करू नये, तो पुन्हा तिथेच वाकतो. आणि जाडीत तडजोड नको. ८ मिलिमीटरच्या भरीव रॉडाऐवजी 'बसतो की' म्हणून ७ मिलिमीटरचा घातला, तर वाकण्याला तोंड देण्याची त्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते. एका मिलिमीटराने एवढा फरक पडतो.

सगळे जोडल्यावर हँडल मारण्याआधी चाक हाताने, सावकाश, दोन फेरे फिरवावे. मध्ये कुठे टणक अडले तर जोर करू नये. फेस मारलेल्या हेडात व्हॉल्व्ह पूर्वीपेक्षा पुढे आलेले असतात आणि पिस्टनला लागू शकतात. अशा वेळी आधी वाकतो तो पुश रॉडच. तासभर चालवून, गार होऊ देऊन, हेडाचे नट पुन्हा आवळावे आणि फट पुन्हा तपासावी. नट आवळल्यावर ती थोडी कमी झालेली आढळेल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द. तीन सिलिंडरला सहा पुश रॉड असतात. काढताना पुठ्ठ्याला सहा भोके पाडून, आकडे घालून त्यांत खोचावेत आणि ज्याचा त्याला परत घालावा. प्रत्येक रॉड आपल्या टॅपेटाशी आणि रॉकराशी झिजून जुळलेला असतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत घाईने हेड उतरवणाऱ्यांकडून हे हमखास राहते.

हेड घ्यायला परभणीला जाल तेव्हा जुने हेड, पॅकिंग आणि दोन्ही पुश रॉड पोत्यात घालून सोबत न्यावेत. दुकानातच दोन्ही हेडे फेसवर उभी करून ब्रॅकेटची बैठक आणि व्हॉल्व्हची टोके मोजून पाहावीत. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

ए.व्ही. १ साठी एक जोडरॉड, फीलर गेज आणि व्हर्नियर आम्ही कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ठेवले आहे. सभासदांना ते दोन दिवसांसाठी वहीत सही करून नेता येईल. लिस्टर धर्तीच्या इंजिनाचा जोडरॉड अजून केलेला नाही. कोणाकडे वाया गेलेला रॉड असेल तर वर्कशॉपला आणून द्यावा, तो आम्ही कापून घेऊ.